बाटलेली डॉज

जुनी गाडी 'ओरिजनल' करायला घेणाऱ्याच्या मनात एक सोवळं असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं काम. अशा गाड्यांचे बुश, शाफ्ट, अडॅप्टर प्लेटा आमच्याकडून बनवून जातात, म्हणून हे सोवळं मी जवळून पाहतो. एका डॉज किंग्जवेचे मालक पहिल्याच भेटीत म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी बाटलीय. आधी हिला शुद्ध करायची."

बाटली, कारण त्यांच्या वडिलांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं. गाडी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात जोडलेली. मूळचं इंजिन क्रायस्लरचं, सहा सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्हचं. अतिशय शांत, आणि पेट्रोलला तितकंच अधाशी. 1973 नंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि असल्या कितीतरी गाड्या दारात उभ्या राहिल्या. काही पुढेही चालत राहिल्या त्या डिझेलवर. कुणी मद्रासच्या सिम्पसनचं पर्किन्स बसवलं, कुणी जीपचं. या डॉजमध्ये होतं ते बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं 2.4 लिटरचं ओएम 616. जर्मनीत हेच इंजिन 240 डी टॅक्सीत धावलं.

ज्या कारागिराने ते बसवलं त्याला मी मनोमन हात जोडले. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यावा लागतो. केसभर चुकलं तरी क्लच थरथरतो आणि पुढचं बेअरिंग लवकर जातं. त्याने चॅसिसला कुठेही काप न देता नवं फाउंडेशन उभं केलं होतं. डॅशबोर्डखाली स्टॉपरची केबल होती, कारण हे इंजिन चावी फिरवून बंद होत नाही, त्याचं डिझेल तोडावं लागतं. त्या केबलची मूठ वडिलांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झाली होती.

मुलाने ते इंजिन काढून विकलं. जुनं सहा सिलिंडरचं शोधून आणलं, तर त्याच्या ब्लॉकला तडा. मग गाडी उघडली गेली ती उघडीच राहिली. दारं एकीकडे, सीट माळ्यावर, काचा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. आरसी बुकात मात्र ती अजून पूर्ण डॉज आहे.

पण सुट्या भागांना गाडी म्हणायचं का? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग दाखव रथ. आस म्हणजे रथ का? चाकं? सांगाडा? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालतं, एवढंच. विचार मला पटतो. पण नागसेनाने रथ शब्दांनी सोडवला होता, राजाचा रथ दाराशी शाबूत उभा होता. आम्ही पान्याने सोडवतो. वर्षं जातात, नट गंजतात, कुठला स्क्रू कुठला हे सांगणारा माणूस जातो, आणि नावाला धरायला आधार उरत नाही.

मग गाडीचं गाडीपण न मोडता तिचं काम कसं करायचं? याचं उत्तर मला देवळात सापडलं. मूर्ती जीर्ण झाली तर आपलं शास्त्र तिला हात लावण्याआधी कलाकर्षण सांगतं. देवत्व आधी कलशात न्यायचं, पूजा तिथे चालू ठेवायची, आणि मगच मूर्तीचं काम. 2015 साली पुरातत्त्व खात्याने आमच्या अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं, तेव्हाही दर्शन थांबलं नाही. लोकांनी उत्सवमूर्तीपुढे हात जोडले. त्याच वर्षी पुरीला जगन्नाथाचं नवकलेवर झालं. तिथे कडुलिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात आणि दैतापती सेवक डोळे बांधून ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत नेतात. लाकूड सगळं बदललं, तरी जगन्नाथ बाटला असं कुणी म्हणत नाही. सेवेत खंड पडू न देणं, हे या दोन्ही परंपरांनी लाकडा-दगडाच्या शुद्धतेहून वर ठेवलं आहे.

त्या वडिलांचं टेम्पोचं इंजिन म्हणजे तो कलश होता, असं मी मानतो. त्याने गाडीचं चालणं सांभाळलं. मूळ इंजिनाची ओढ मला कळते. त्याचा आवाज गेला की गाडीचं काहीतरी खरंच जातं, आणि डिझेलची खडखड त्याची भरपाई करत नाही. 2021 च्या केंद्राच्या नियमांत व्हिंटेजचा मान मूळ रूपात राखलेल्या, 50 वर्षांवरच्या गाडीलाच आहे. इतिहास जपायला तो नियम योग्यच. पण ज्या गाडीने लग्नाची वऱ्हाडं नेली, आजारी माणसं मिरजेच्या दवाखान्यात पोचवली, तिला परक्या इंजिनापायी बाटलेली म्हणणं मला अधर्म वाटतो. त्याहून मोठा अधर्म म्हणजे शुद्धीच्या नावाखाली चालती गाडी उघडून टाकणं आणि मग तिकडे न फिरकणं. घेतलेला संकल्प अर्धा सोडला की त्याचा दोष लागतो, हे आपण व्रतांबाबत मानतो. यंत्राबाबत का मानू नये?

तुमच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी सुटी पडली असेल, तर मूळ इंजिनाची वाट बघत बसू नका. मिळेल ते चांगलं इंजिन आरटीओच्या परवानगीने बसवा आणि तिला रस्त्यावर आणा; मूळ इंजिन मिळेल तेव्हा मिळेल. तेही जमत नसेल, तर एकही भाग न विकता ती सगळीच्या सगळी अशा माणसाच्या हवाली करा, जो ती जोडेल.