निद्रिस्त नाविकाचे कर्तृत्व

कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी असते, असे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे. एकट्याने शिडाची होडी हाकारणाऱ्या नाविकाच्या बाबतीत या विवेचनाची खरी कसोटी लागते, कारण त्याला झोप घ्यावीच लागते आणि त्या वेळीही होडी चालतच असते.

जोशुआ स्लोकम याने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ या सुमारे ३७ फुटी होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुकाणू दोरीने बांधून ठेवले तरी ही समतोल होडी आपली दिशा धरून राहत असे. थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतच्या २३ दिवसांच्या टप्प्यात आपण सुकाणूपाशी एकूण तीन तासांहून अधिक नव्हतो, अशी त्याची नोंद आहे.

पुढे हे काम वाऱ्यावर चालणाऱ्या पात्याकडे आले. होडीच्या मागील टोकावर ते वाऱ्याच्या रेषेत लावून ठेवतात. होडी मार्गावरून ढळली की वारा त्याच्या अंगावर येतो, पाते कलते, त्याला जोडलेली पाण्यातली फळी किंचित वळते, पाण्याचा जोर तिला बाजूला लोटतो आणि त्या ओढीने दोऱ्या सुकाणूचा दांडा खेचतात. मात्र पाते वाऱ्याशी असलेला कोन तेवढा राखते. वारा फिरला तर होडीही फिरते, आणि शिडे पूर्वीसारखीच भरलेली असल्याने होकायंत्र पाहिल्याशिवाय ते कळतही नाही. पात्याला वारा कळतो, बंदर कळत नाही. ते नाविकाच्या संकल्पातच असते, आणि दैवाबरोबर कर्त्यालाही त्या पाचांत स्थान का आहे, हे येथे स्पष्ट होते.

मग झोपलेल्या नाविकाच्या होडीने एखाद्या मासेमारी नौकेला धडक दिली, तर ‘कर्ता मी नव्हे’ असे त्याला म्हणता येईल काय? मुळीच नाही. गीतेने कर्तेपणाचा अहंकार नाकारला आहे, दायित्व नाकारलेले नाही, आणि हा भेद विसरला की पाच कारणांचा सिद्धान्त पळवाट ठरतो. झोपेत संकल्प नसतो हे खरे, परंतु सुकाणू बांधणे, पाते जुळवणे आणि जहाजांच्या वर्दळीत डोळे मिटणे ही सारी जागेपणीची कर्मे होत. थोड्या थोड्या वेळाने गजर लावून उठणारा नाविक धोका कमी करतो. दोष त्याने पुसला जात नाही. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम प्रत्येक नौकेने सर्व काळ डोळ्यांनी व कानांनी योग्य पहारा ठेवावा असे सांगतो, आणि एकट्या नाविकासाठी त्यात कोणताही अपवाद नाही.