अध्यक्षांच्या हातची घंटा

मागच्या एका निवडणुकीतली गोष्ट. आमच्या नारायण पेठेतल्या काही मंडळींच्या मनात आले, की उमेदवारांच्या निरनिराळ्या सभा ऐकत हिंडण्यापेक्षा सगळ्यांना एकाच व्यासपीठावर बसवावे आणि तेच ते प्रश्न सगळ्यांना विचारावेत. माती गणपतीजवळ एक कार्यालय मिळाले, चहाची सोय झाली, उमेदवारांनीही होकार दिला. अडले ते एकाच ठिकाणी. अध्यक्ष कोणाला करायचे?

कोणी एका निवृत्त न्यायाधीशांचे नाव सुचवले. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "नको, ते पुढची तारीख देतील." संपादक म्हणावेत, तर त्यांचा अग्रलेख सकाळीच सगळ्यांनी वाचलेला. वृत्तवाहिनीवरचा निवेदक बोलवावा, तर तो उमेदवारांना बोलू देईल याची हमी कोणी देईना. प्राध्यापक म्हणजे पाऊण तास प्रस्तावना. अखेर सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात," असे मला सांगण्यात आले. निःपक्षपाती म्हणवून घेण्याइतकी गोड खुशामत दुसरी नसावी. मी विरघळलो.

टेबलावर घड्याळ ठेवायला एकाने हरकत घेतली, कारण ते एका पक्षाचे चिन्ह! मग माझे मनगटी घड्याळ आणि कुणाच्या तरी घरून मागून आणलेली पितळी घंटा, एवढ्या सामग्रीवर काम भागवायचे ठरले. प्रत्येक उत्तराला तीन मिनिटे. सभा शांततेत पार पडली. "छान सांभाळलंत," असे चार जण म्हणाले, आणि ते मनोमन मान्य करीत मी घरी आलो.

पान वाढता वाढता सौ. म्हणाली, "अहो, त्या अपक्ष बाईंना तुम्ही दोनदा मध्येच तोडलंत."

"त्यांची वेळ संपली होती."

"वेळ सगळ्यांचीच संपली होती. बाकीच्यांना तुम्ही वाक्य पुरं करू दिलंत."

मी घास हातात धरून बसलो. कारण तिचे म्हणणे खरे होते. माझे मत सभेच्या आठ दिवस आधीच ठरलेले होते. ज्यांना मी मत देणार होतो, त्यांचे वाक्य रंगात आले की ते अर्धवट तोडणे मला असभ्यपणाचे वाटे. बाईंचे बोलणे कचऱ्याच्या गाड्यांवर आणि बोळातल्या तुंबलेल्या गटारांवर चाललेले. तिथे मात्र माझे नियमावरचे प्रेम एकदम जागे होई. प्रश्न सर्वांना सारखेच विचारले होते. पक्षपात झाला तो घंटेच्या दांड्यात, आणि तो माझा मलाही कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाजी घेताना त्या बाई भेटल्या. मी दिलगिरी व्यक्त केली. त्या हसून म्हणाल्या, "असू द्या काका, सवय आहे." रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

तेव्हापासून हा प्रश्न मला सोडीत नाही. वादाच्या मधोमध बसायचा अधिकार कोणाचा? आपण उत्तर शोधतो ते माणसाच्या गुणांत. विद्वान हवा, नामवंत हवा. पण आमच्याच पेठेतल्या गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात, राहणारे लोकमान्य १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला गेले, तेव्हा काँग्रेसच्या अधिवेशनात काय झाले ते आठवावे. नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष हे मोठे कायदेपंडित. त्यांच्या योग्यतेविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांना एकाच बाजूने निवडले म्हणून. टिळक आपली सूचना मांडायला व्यासपीठावर गेले, त्यांना ती नियमबाह्य असल्याचे सांगण्यात आले, आणि ते हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. पुढे खुर्च्या उडाल्या, एक दक्षिणी जोडा उडाला आणि काँग्रेस दुभंगली. अध्यक्ष कितीही थोर असला, तरी त्याची खुर्ची एकाच बाजूने मांडलेली असेल, तर त्याचा न्यायही दुसऱ्या बाजूला अन्याय वाटतो.

याची दुसरी बाजू अमेरिकेत दिसते. तिथे पक्षाचा उमेदवार त्या पक्षाचे मतदार निवडतात, आणि त्याआधी इच्छुकांचे वाद दूरचित्रवाणीवर होतात. आपल्याकडे तिकीट रात्री उशिरा वरून येते, म्हणून ही डोकेदुखी नाही. १९८० च्या फेब्रुवारीत नॅशुआ गावी असा एक वाद ठरला. स्थानिक वृत्तपत्राला फक्त रेगन आणि बुश हे दोघेच हवे होते. खर्च अखेर रेगन यांच्या बाजूने केला आणि त्यांनी इतर इच्छुकांनाही बोलावले. सूत्रे त्या पत्राच्या संपादकांच्या हाती होती. त्यांनी रेगन यांचा ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितले, तेव्हा या ध्वनिक्षेपकाचे पैसे मी भरले आहेत, असे रेगन गरजले. सभागृहाने टाळ्या पिटल्या. मला त्या टाळ्यांची धास्ती वाटते. इतरांना बोलू द्या हे मागणे रास्त, पण त्यासाठी दिलेले कारण भलतेच. पैसे भरणाऱ्याचा ध्वनिक्षेपक असे एकदा मान्य केले, की आमच्या अपक्ष बाईंनी कोठे जावे?

आपल्या देशात मे २०२४ मध्ये दोन माजी न्यायमूर्ती आणि एक ज्येष्ठ संपादक यांनी पंतप्रधान आणि राहुल गांधी यांना जाहीर वादाचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी ते स्वीकारले, पण तो वाद झालाच नाही. बोलावणारे कितीही सन्मान्य असले, तरी खुर्ची दोन्ही बाजूंनी मान्य केल्याशिवाय मांडता येत नाही, हेच पुन्हा दिसले.

म्हणून आता मी मत नसलेला माणूस शोधीत नाही. तसा माणूस सापडला, तर तो या गावचाच नव्हे, असे समजावे. अध्यक्षाला मत असावे, आणि ते लोकांना ठाऊकही असावे. म्हणजे त्याच्यावर नजर राहते. मात्र त्याची निवड सर्व उमेदवारांनी मिळून करावी, प्रश्न श्रोत्यांनी लिहून द्यावेत, आणि वेळ मोजण्याचे काम त्याच्याकडे ठेवू नये. शिवाय तो शक्यतो त्याच पेठेतला असावा. ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच बोळातून भाजी आणायला जायचे आहे, तो जरा जपून वागतो.

पुढच्या खेपेला मंडळी पुन्हा माझ्याकडे आली. मी खुर्ची स्वीकारली, पण घंटा नाकारली. ती शेजारच्या इमारतीतल्या नववीतल्या एका मुलीकडे सोपवली. "तिला अजून मत नाही, तेव्हा हरकत नाही," असे एक गृहस्थ म्हणाले. मतदार यादीत तिचे नाव नव्हते, हे खरे. मत तिला खासे होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण तिने डोळे घड्याळावरून हलवले नाहीत. त्या दिवशी पहिली घंटा वाजली ती माझ्याच प्रास्ताविकावर.