गाडी सुटल्यानंतर

नोकरदार डोंबिवलीकराचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. घरापासून स्टेशनपर्यंत पायपीट, पूल चढायचा-उतरायचा, पुढे तासभर उभ्यानं प्रवास. या दगदगीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. 2005 सालच्या 'डोंबिवली फास्ट' या चित्रपटानं तर ती घुसमट पडद्यावर फुटतानाच दाखवली. पण त्याच डब्यात एक ग्रुपही असतो. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, आळीपाळीनं मिळणारी बसायला जागा, टाळांच्या ठेक्यावर भजन, लेडीज डब्यात गप्पांच्या नादात निवडून होणारी भाजी. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणं चढतात. कुणी दोन दिवस दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी फोन जातोच.

मग निवृत्ती येते. चालणं आणि माणसं, दोन्ही एकाच तारखेला सुटतात.

घरचे म्हणतात, ''खूप धावलात, आता आराम करा.'' सल्ला मायेचा आहे, पण मनाच्या आरोग्यासाठी अपुरा आहे. नॉर्वेत सुरुवातीला निरोगी असलेल्या 33,908 प्रौढांवर संशोधकांनी 11 वर्षं लक्ष ठेवलं. 2017 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला, की प्रत्येकानं आठवड्याला निदान एक तास व्यायाम केला असता, तर नैराश्याची 12 टक्के नवी प्रकरणं टळू शकली असती. व्यायाम दमछाक करणाराच हवा, असंही नव्हतं. बराचसा फायदा त्या पहिल्या तासातच दिसला. चिंताविकारांच्या बाबतीत मात्र असा बचाव आढळला नाही, हेही सांगायला हवं. चालणं हा सर्व दुखण्यांवरचा उतारा नव्हे.

तरी आठवड्याला एक तास म्हणजे काही फार नाही. मग तो का निघत नाही? आळस हे उत्तर सोपं आहे आणि बऱ्याच अंशी अन्यायाचं. फेरीवाले आणि दुचाकींतून वाट काढत साठीतल्या माणसानं चालायचं कुठे? 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती, पुढे ती वाढतच गेली. मोकळ्या जागा काही तशा वाढल्या नाहीत. आणि ज्या बाईनं आयुष्यभर घरच सांभाळलं, तिला तर डब्यातला ग्रुपही कधी लाभला नाही. तिचं गप्प होणं कुणाच्या लक्षात येणार?

लक्षात येण्यासाठी डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यात 'संगत' या संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यानं ग्रासलेल्या 495 जणांसोबत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांमध्ये रुग्णांना सुटलेल्या छोट्या छोट्या गोष्टींकडे परत वळवलं: फिरायला जाणं, कुणाला तरी भेटणं, अर्धवट राहिलेलं काम हाती घेणं. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. हे उपचाराचं उदाहरण आहे, प्रतिबंधाचं नाही. पण हालचाल आणि आपुलकीचं माणूस एकत्र आलं की काय होतं, ते यात स्पष्ट दिसतं.

ज्याला झोप लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, त्याला 'जरा फिरून या' म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्याच्यासाठी जवळच ठाण्यात 1990 पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांची 'आयपीएच' ही मानसिक आरोग्य संस्था आहे आणि 14416 या क्रमांकावर 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा चोवीस तास सुरू असते.

ही वेळ येण्याआधीचं काम मात्र शहराचं आहे. महापालिका शाळांची पटांगणं संध्याकाळी उघडी ठेवता येतील. ज्येष्ठ नागरिक संघांतल्या इच्छुक स्त्री-पुरुषांना गोव्यासारखं प्रशिक्षण देऊन नागरी आरोग्य केंद्रांशी जोडता येईल. आणि ट्रेनच्या ग्रुपनं निरोपसमारंभात शाल-श्रीफळाबरोबरच निवृत्त होणाऱ्याचं नाव घराजवळच्या संघात नोंदवून द्यावं. त्याला महापालिकेच्या ठरावाचीही गरज नाही.