दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या संघात शंभराच्या आसपास मुलं असतात, पण मैदानात खेळी चालवणारा, पास फेकणारा क्वार्टरबॅक एकच. बाकीच्या जागांवर अदलाबदल चालू असते; धावणारा दमला की दुसरा येतो, बचावातले आळीपाळीने खेळतात. क्वार्टरबॅक मात्र जखमी झाल्याशिवाय किंवा निकाल लागल्यात जमा झाल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळची जागा यष्टिरक्षकाची. धोनी संघात असताना देशातल्या उरलेल्या यष्टिरक्षकांनी करायचं काय, हा प्रश्न ज्यांनी तेव्हा चघळला असेल, त्यांना मी राहतो त्या ओहायोतल्या क्वार्टरबॅकच्या गप्पा लगेच कळतील. फरक एवढाच की दिनेश कार्तिक निव्वळ फलंदाज म्हणूनही खेळू शकत होता. दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला बहुधा तीही सोय नसते.

कोलंबसला राहायला आल्यावर सुरुवातीला मला या खेळात नुसती आदळआपट दिसायची. मग ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने एप्रिलमधले सरावसामने बघायला लागलो आणि नजर हळूहळू बाजूला उभ्या असलेल्या मुलांकडे वळली. 2018च्या वसंतात ओहायो स्टेटमध्ये जो बरो आणि ड्वेन हॅस्किन्स यांच्यात पहिल्या जागेसाठी चुरस होती. बरो इथलाच, ओहायोचा. तीन हंगामांत त्याने सामन्यांत मिळून फक्त 39 पास टाकले होते. त्यातही 2017च्या ऑगस्टमध्ये हाताचं हाड मोडलं, तेवढ्यात हॅस्किन्स दुसऱ्या जागेवर सरकला, आणि नोव्हेंबरात मिशिगनविरुद्ध पहिला क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर मैदानात जाऊन सामना जिंकून आला. रांग बदलायला एक हाड पुरतं.

बरो लुइझियाना स्टेटला गेला. तीन वर्षांत पदवी पूर्ण केलेली असल्यामुळे त्याला तिथे लगेच खेळता आलं. 2019मध्ये त्याने 60 टचडाऊन पास टाकले, संघ पंधराच्या पंधरा सामने जिंकला, सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्याला मिळाली. इथले लोक अजून हळहळतात, की हिरा हातचा घालवला. मला ते पटत नाही. ज्याच्यासाठी त्याला डावललं, त्या हॅस्किन्सने 2018मध्ये 50 टचडाऊन पास टाकले. निवड बरोबरच होती. आणि लुइझियानातल्या पहिल्या वर्षी बरोचे शंभरातले जेमतेम 58 पास पोचत होते. दुसऱ्या वर्षी 76. मधल्या काळात न्यू ऑर्लीन्सच्या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाचा तरुण कोच तिथे आला होता, पासिंगची आखणी बदलली होती, आणि मुख्य म्हणजे सरावातले पहिल्या फळीचे स्नॅप, म्हणजे प्रत्यक्ष चेंडू हातात घेऊन खेळायच्या खेळी, वर्षभर बरोच्याच होत्या.

माझ्या मते सगळा मामला या स्नॅपांचा आहे. कॉलेजसाठी निवडताना शाळेतल्या मुलाची उंची, हात, पळ सगळं मोजता येतं, त्यावरून त्याला तारे दिले जातात. पण अंगावर दोघे धावून येत असताना तो कुठे बघतो, हे शाळेच्या चित्रफितीत फारसं दिसत नाही. कॅम वॉर्डची शाळा टेक्सासमध्ये. तिथे चेंडू बहुतेक पळवायचेच, फेकायचे क्वचित. बघायलाच काही नव्हतं, म्हणून शिष्यवृत्ती देऊ केली ती फक्त सान अँटोनियोतल्या इन्कार्नेट वर्ड या लहान विद्यापीठाने. 2025च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये तो सगळ्यांच्या आधी निवडला गेला. तेव्हा रिक्रूटिंग, म्हणजे शाळेतून मुलं निवडणं, हा अंदाजाचा धंदा. घडवणं होतं ते नंतर, सरावात.

आणि सरावात वाटप मोठं निर्दय असतं. सामन्यात दोन खेळींच्या मध्ये 40 सेकंद. 2024पासून हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण शेवटच्या 15 सेकंदांत तोही बंद. तेवढ्यात मागचे बचावपटू किती खोल उभे आहेत ते बघायचं, आपल्या रक्षकांना कोणाला अडवायचं ते ओरडून सांगायचं, आणि चेंडू हातात आल्यावर पहिला, दुसरा, तिसरा अशा क्रमाने माणसं तपासत पाय त्या तालावर ठेवायचे. हे पाठ करून येत नाही, हजारदा करून येतं. पण आठवड्याच्या सरावातले बहुतेक स्नॅप पहिल्याचे, थोडे दुसऱ्याचे. तिसरा मुलगा शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतो: कोच पुठ्ठ्यावर काढलेली खेळी समोर धरतो, तो ती बघून खेळतो. म्हणजे दर आठवड्याला तो शिकतो ते परक्याचं.

2018च्या ऑक्टोबरात कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, म्हणजे ट्रान्सफर पोर्टल, सुरू झालं. 2021मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा आली, त्याच जुलैत नावावर पैसे कमवायची. 2025पासून विद्यापीठं स्वतःच पैसे देऊ लागली. आता कोणी थांबायला तयार नाही, असं जुने लोक म्हणतात. खरं आहे. पण नुसतं थांबून कोण घडलं? पूर्वी एका शिष्यवृत्तीच्या मोलात कोच चांगला मुलगा चार वर्षं राखीव ठेवू शकत असे, आणि त्याला संस्कार म्हणत असे. 2017 ते 2023मध्ये हाइझमन सहा क्वार्टरबॅकना मिळाली. ब्राइस यंग सोडला तर पाचही जण कॉलेज बदललेले.

थांबण्याचं उदाहरण म्हणून सगळे जेलन हर्ट्‌सचं नाव घेतात. 2018च्या जानेवारीत जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतराला अलाबामाने त्याला बसवून टुआ टागोवाइलोआला उतरवलं आणि सामना जिंकला. हर्ट्‌स गेला नाही. डिसेंबरात त्याच स्टेडियममध्ये, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला, आणि हर्ट्‌सने पिछाडीवरून सामना काढला. डोळ्यांत पाणी यावं अशीच गोष्ट. फक्त पदवीशिवाय बाहेर पडला असता, तर तेव्हाच्या नियमाने त्याला बहुधा वर्षभर बसावं लागलं असतं. पदवी हातात आली आणि काही आठवड्यांत तो ओक्लाहोमाला गेला. पुढच्या हाइझमन मतदानात बरो पहिला, हर्ट्‌स दुसरा, आणि तिसरा जस्टिन फील्ड्स, जॉर्जिया सोडून ओहायो स्टेटला आलेला. बरोसाठी हळहळणारे आमचे कोलंबसवाले तेव्हा फील्ड्सच्या नावाचे टी-शर्ट घालून हिंडत होते.