सावलीचं भाडं

राजारामपुरीत ऑफिसच्या तळघरात मी रोज गाडी लावायचो. मालकाने दरफलक लावला. मी वाचून न वाचल्यासारखं केलं. आता थकबाकी आणि दंडाचा दावा आलाय. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायचीय.

मित्र म्हणाला, "भावा, टोल घालवलेलं गाव आपलं. रुपया द्यायचा नाही!"

पण टोल रस्त्यावर होता, रस्ता सगळ्यांचा. तळघर मालकाचं.

१८७२चा करार कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. कलम १३: एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार, तीच संमती. कलम ७०: फुकट नसलेल्या कामाचा लाभ घेतला, तर मोबदला द्या.

दंडाला मी होकार दिला नव्हता. सावली मात्र घेतली होती. कैफियतीत दोन्ही लिहिणार: दंड नाकबूल, रास्त भाडं कबूल. हक्कासाठी भांडणाऱ्याने आपलं देणं लपवू नये.