कुसंग कोणाचा?

बंदिवासांतून सुटलेल्या मनुष्यास जो तो एकच उपदेश करितो : जुनी संगत सोड. उपदेश खोटा नव्हे. पण ती सोडून त्यानें जावें कोठें, हें उपदेशक सांगत नाहींत. येरवड्याहून सुटून सोलापूर रस्त्यानें वरवंडास उतरणारा मनुष्य घ्या. शेतावर त्यास कोणी बोलावीत नाहीं, सोयरे ओसरीवर बसवीत नाहींत; जुना सोबती मात्र आपण होऊन हांक मारितो, चहाचे पैसेही देतो. अशा वेळीं त्याजकडून निव्वळ मनोनिग्रहाची अपेक्षा करणें म्हणजे आपणांजवळ नसलेलें बळ दुसऱ्यापाशीं मागणें होय.

औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविलें, तें निराळ्या विचारानें. राजे भवानराव पंतप्रतिनिधि व पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांच्या त्या प्रयोगांत कैद्यांस भिंतीवांचून ठेविलें, शेती दिली, बायकामुलें जवळ राहूं दिलीं. (शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' चें मूळ येथेंच.) कुसंगाच्या निवारणास पहारेकऱ्याहून सायंकाळीं वाट पाहणारें मूल अधिक समर्थ, असें आम्हांस वाटतें.

परंतु स्वतंत्रपुरांतूनही मनुष्य शेवटीं गांवींच परततो. तेथें आमच्यासारखे गृहस्थ म्हणतात, 'त्यास कामावर घेतल्यास आमचीं मुलें बिघडतील.' ही भीति सर्वस्वीं निराधार नाहीं. कपाटास कुलूप असावें, कामाच्या वेळा ठरलेल्या असाव्या. पण मजुरी आठवड्याच्या आठवड्यास मिळावी, आणि ती देतांना त्याच्या नांवानें हांक मारावी. तेवढेंही न करितां त्याच्या सोबत्यास दोष देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.