प्रवासापुरतं स्पॅनिश

पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या नॅरो गेजच्या ‘पीजे’ गाडीवर शेंदुर्णीच्या पुढे पहूर लागायचं, आणि पहूरपासून अजिंठ्याच्या पायथ्याचं फर्दापूर जवळ. लेण्यांबाहेर रंगीत दगड, माळा आणि चित्रांची पुस्तकं विकणारे अनेकजण जपानी आणि इतर परदेशी भाषांतली कामापुरती वाक्यं सहज बोलतात. बौद्ध लेण्यांच्या ओढीने जपानी प्रवासी इथे येत राहिले. 1992पासून जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळच्या संवर्धनाची आणि पर्यटनाची कामंही झाली. दुकानदारांनी ही भाषा बहुतांशी कानाने उचलली. किंमत, ‘बघा तरी’, ‘धन्यवाद’ एवढ्या भांडवलावर त्यांचा दिवस निघतो. प्रवासापुरती भाषा शिकता येते का, या प्रश्नाचं उत्तर खानदेशाच्या वेशीवर कधीच मिळालेलं आहे. विचार करायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. इथे शिकतो तो विकणारा. घेणाऱ्याला शिकावं लागत नाही.

ही वाटणी आपल्या रोजच्या जगण्यातही दिसते. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव भागातलं मूल घरात अहिराणीतलं ‘कथा जाई राहिना?’ (कुठे चाललास?) ऐकत वाढतं, शाळेत त्याला प्रमाण मराठी उचलावी लागते, स्टेशनावर हिंदी आणि नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी. 2011च्या जनगणनेत अहिराणीसह खानदेशी ही मातृभाषा नोंदवणारे साडेअठरा लाखांच्या आसपास होते. एवढ्या माणसांची बोली असूनही बदलीवर आलेला अधिकारी तिच्यातली दोन वाक्यं शिकून घेतो, असं क्वचितच घडतं. ज्याची गरज मोठी त्यानेच दुसऱ्याच्या भाषेकडे चालत जायचं, हा अलिखित नियम आहे. म्हणूनच स्पेनला किंवा मेक्सिकोला निघालेल्या माणसाने थोडं स्पॅनिश शिकावं असं मी म्हणतो, ते सोयीसाठी म्हणत नाही. खिशात पैसे असलेल्या पाहुण्याने आपणहून थोडे कष्ट उचलावेत, यजमानाला ते एकट्याने उचलायला लावू नयेत, हे त्यामागचं खरं कारण मला वाटतं. आणि हा प्रवास आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. केळीच्या निर्यातीत जगात पहिला असलेला इक्वेडोर स्पॅनिश बोलतो. जळगावच्या केळी उत्पादकाला तिथल्या बागा बघाव्याशा वाटल्या, तर मजुराशी आणि बागायतदाराशी बोलायला इंग्रजी फारसं कामाला येणार नाही.

हे कारण मान्य केलं की काय शिकायचं तेही बदलतं. वाक्यांच्या छोट्या पुस्तकांत प्रश्नच प्रश्न असतात: स्टेशन कुठे आहे, हे कशाचं केलंय, गाडी का थांबली. प्रश्न पाठ करणं सोपं. पण उत्तर येतं ते पूर्ण वेगात, आणि शिकलेला माणूस तिथेच गांगरतो. त्यापेक्षा आधी कान तयार करावा. आकडे, डावं-उजवं, आज-उद्या, हो-नाही एवढं ऐकून कळलं पाहिजे. स्पॅनिशमध्ये तिसाच्या पुढचे आकडे ‘तीस आणि एक’, ‘तीस आणि दोन’ असे सरळ चालतात. एकोणपन्नास आणि एकोणसाठ लहानपणी घोकलेल्या माणसाला ते जड जाऊ नयेत. त्यानंतर ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’, म्हणजे जरा सावकाश बोला, आणि ‘नो एन्तिएन्दो’, म्हणजे मला कळलं नाही. ही दोन वाक्यं समोरच्याला आपली खरी पातळी सांगतात आणि त्याची मदत मागतात. दुकानात शिरताना आधी ‘बुएनोस दीआस’ म्हणावं, मग किंमत विचारावी. नमस्कार न करता थेट वस्तूकडे बोट दाखवणं तिथे उद्धटपणाचं वाटतं; आपल्याकडे ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला राम राम न घालता पत्ता विचारला तर त्यालाही ते खटकतं.

मराठी माणसाने हे इंग्रजीच्या वाटेने शिकू नये, असा माझा आग्रह आहे. स्पॅनिश त आणि द आपल्या त-द सारखे दातांना जीभ लावून येतात. रोमन अक्षरं बघून आपण तिथे ट-ड आणतो आणि हातातली सोय घालवतो. पाच स्वर, बहुतेक लिहावं तसं वाचणं, ठसठशीत र, हे सगळं देवनागरीत टिपून ठेवलं तर निम्मं काम होतं. तू आणि आपण यांतला फरक तिथेही आहे: ‘तू’ आणि ‘उस्तेद’. वडीलधाऱ्यांशी आणि अनोळखी माणसांशी ‘उस्तेद’ वापरायचं, हे मराठी घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप फोनचा. भाषांतर करणारं ॲप खिशात असताना पाठांतर कशाला? औषधाच्या दुकानात, पोलीस चौकीत ॲपच वापरावं, तिथे अंदाज नको. मात्र ॲप शब्द पुरवतं, तिथल्या समजुती पुरवत नाही. ‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्य बिनचूक भाषांतरित होऊनही स्पेनमध्ये माळकऱ्याच्या ताटात ट्यूना मासा किंवा हॅमचे तुकडे येऊ शकतात, कारण ‘कार्ने’ म्हटलं की अनेकांच्या मनात मासा येत नाही, हॅमही नेहमी येतंच असं नाही. ‘नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन’ असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. ते माणसांशी बोलत, ठेचकाळत शिकलेल्यालाच सुचतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. चार वाक्यं फेकून आपण त्या लोकांचे झालो असा आव आणणं हे ढोंग नाही का? आव आणला तर आहेच. पण फर्दापूरचा विक्रेता जपानी बोलतो तेव्हा तो जपानी झाल्याचा दावा करत नाही. तो समोरच्याचं ओझं हलकं करतो, आणि त्याच्या चुका कोणी ढोंगात मोजत नाही. अर्धवट बोलण्यात खोटं काही नसतं, ते झाकण्यात असतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. प्रमाण मराठीपासून इंग्रजीपर्यंत आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषा शिकत आलो, आता सुट्टीतही शिकायचं का? हा थकवा खरा आहे, आणि त्याला ‘भाषा शिकल्याने मन विशाल होतं’ असलं उत्तर देणं मला पटत नाही. एवढंच म्हणेन, की आजवरच्या त्या भाषा गरजेने लादल्या, शिकलो नसतो तर शाळा, नोकरी, बाजार यांची दारं बंद झाली असती. स्पॅनिश नाही शिकलं तर काहीही अडत नाही. वेटर तोडक्यामोडक्या इंग्रजीत निभावून नेईल, हॉटेलवाला हसून चावी देईल. शिकावं की नाही हे पहिल्यांदाच पूर्णपणे आपल्या हातात असतं. आणि विमानात बसण्याआधी तीन आठवडे रोज अर्धा तास आकडे ऐकणारा पाचोऱ्याचा माणूस गावातल्या बाजारपेठेत ‘कितलाले दिना?’ (केवढ्याला दिला?) असं अहिराणीत विचारणाऱ्या ग्राहकालाही त्याच भाषेत उत्तर देऊ लागला, तर पीजेच्या वाटेवरच्या गावांना त्याचं स्पॅनिश माझ्या मते माद्रिदपेक्षा जास्त उपयोगी पडेल.